गुंडाला हसताना: ‘द फॅमिली’ आणि पश्चात्तापाचा प्रश्न

ल्युक बेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द फॅमिली’ (२०१३) हा माफियाच्या जगावरचा विनोदपट. तोनिनो बेनाकिस्ता यांच्या ‘मालाविता’ या फ्रेंच कादंबरीवर तो बेतलेला आहे. आपल्याच टोळीप्रमुखाविरुद्ध साक्ष देऊन जीव वाचवलेला जोव्हानी मान्झोनी, त्याची बायको मॅगी, मुलगी बेल आणि मुलगा वॉरन यांना अमेरिकी सरकार साक्षीदार संरक्षण योजनेखाली नाव बदलून नॉर्मंडीतल्या एका छोट्या गावात आणून ठेवते. जोव्हानी आता फ्रेड ब्लेक झाला आहे आणि व्यवसायाने लेखक असल्याचे सांगतो. भूमिकेत रॉबर्ट डी नीरो, जोडीला मिशेल फायफर आणि टॉमी ली जोन्स, कार्यकारी निर्मात्यांत मार्टिन स्कोर्सेसी. एवढी सामग्री हाताशी असूनही चित्रपट हसवण्यात कमी पडतो. नटांकडून काही कमी राहिलेले नाही, पटकथेतही चटपटीत प्रसंगांची वाण नाही. उणीव त्याहून खोल आहे. ती शोधू गेले की विषय विनोदाच्या शास्त्रातून पाप, कबुली आणि पश्चात्ताप यांच्याकडे वळतो, कारण ज्याने माणसे मारली आहेत त्याला हसायचे तर त्याच्या पापाचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागते.

हास्याचा विचार करणाऱ्या दोन्ही जुन्या परंपरांना ही अडचण माहीत होती. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये हास्यास्पदाची व्याख्या करतानाच एक कुंपण घातले: ज्या चुकीने किंवा कुरूपतेने कोणाला वेदना होत नाही आणि कोणाचा नाश होत नाही, तेवढीच हसण्याजोगी. भरताने नाट्यशास्त्रात हास्याची कारणे सांगितली आहेत ती विकृत वेष, धीटपणा, हावरटपणा, असंबद्ध बडबड, दोष उघड करणे अशी. त्यात खून नाही. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे आपसांतले वैर मांडले, तेव्हा हास्याचे शत्रू म्हणून भयानक आणि करुण यांना उभे केले. या हिशेबाने गुंडाचा विनोदपट मुळातच अवघड प्रकार ठरतो. त्याला दोन वैऱ्यांना एका पंगतीला बसवायचे असते. अभिनवगुप्ताने मात्र एक वाट मोकळी ठेवली आहे. हास्याचे मूळ त्याला अनौचित्यात दिसते. जे जिथे शोभत नाही ते तिथे घडले की हसू येते, मग मूळचा रस कोणताही असो. रौद्र चुकीच्या जागी प्रकटला तर तोही हास्याचा विषय होऊ शकतो. अट एवढीच की जागा चुकली आहे हे ठरवणारे औचित्य आधी प्रेक्षकाच्या मनात पक्के असले पाहिजे.

‘द फॅमिली’मधला एक प्रसंग ही अट नेमकी पाळतो. फ्रेड शेजाऱ्यांना घरी बोलावतो. अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजणे चालले आहे. एक पाहुणा हातातला पेला सांभाळत आग कशी पेटवावी, मांस कधी उलटावे याचे फुकटचे धडे यजमानाला देऊ लागतो. फ्रेडच्या चेहऱ्यावर यजमानाचे हसू तसेच आहे, पण मनात तो त्या पाहुण्याचे तोंड निखाऱ्यांवर दाबताना दिसतो. पाहुण्याला पत्ताही नाही. इथे हसू मोकळे येते, कारण दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर आहेत: मारण्याची आयुष्यभराची सवय आणि यजमानपणाचा आजचा नियम. त्या क्षणापुरता तरी नियम जिंकतो आणि सवय तडफडते. ज्याने कधीकाळी घरी आलेल्या आगाऊ पाहुण्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आहेत, त्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. फरक फक्त मापाचा.

बाकीचा चित्रपट नेमका उलट वागतो. नळाला गढूळ पाणी येते, प्लंबर टोलवाटोलवी करून वर पैसे उकळायला बघतो, आणि फ्रेड त्याची हाडे मोडून त्याला इस्पितळात पोचवतो. मॅगी किराणा दुकानात पीनट बटर मागते; दुकानदार आणि गिऱ्हाइके तिला फ्रेंच कळत नाही असे समजून अमेरिकनांच्या खाण्याची टिंगल करतात, आणि बाहेर पडता पडता ती दुकानच स्फोटाने उडवते. बेलच्या मागे लागलेली पोरे टेनिसच्या रॅकेटने बदडली जातात. वॉरन काही दिवसांत शाळेत वसुलीचे आणि देवघेवीचे आपले स्वतंत्र जाळे उभे करतो. गाडीच्या डिकीत मुडदा घेऊनच हे कुटुंब गावात आलेले असते, आणि वासाचे खापर बिचाऱ्या कुत्र्यावर फुटते. प्रत्येक प्रसंगाला विनोदाची बांधणी आहे, पण कुठेही कोणी कशाला अडत नाही. चीड आली की हात उठतो आणि काम फत्ते होते. अपमानाचे उट्टे काढायची जी इच्छा प्रत्येकाच्या मनात असते तिची पूर्ती पडद्यावर होते, आणि प्रेक्षकाला जे मिळते त्याला समाधान म्हणणे जास्त बरोबर. ते हसण्याच्या शेजारीच राहते, म्हणून दोघांची गफलत होते.

आंरी बर्गसाँ यांनी १९०० साली ‘हास्य’ या पुस्तकात मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की तो हास्यास्पद होतो. परिस्थिती बदलली तरी त्याची जुनी खोड बदलत नाही, आणि समाज हसून त्याला वठणीवर आणतो. हसताना क्षणभर काळीज बधिर करावे लागते, हेही बर्गसाँ यांनीच सांगितले. फ्रेड या व्याख्येत चपखल बसतो. अडचण पाण्याची असो, नाहीतर पंगतीतल्या शहाण्याची, त्याला सुचणारे उत्तर एकच, मारझोड. पण बर्गसाँ यांच्या मांडणीत वठणीवर आणणारा समाज लागतो. बेसाँच्या नॉर्मंडीत तो नाही. गावकरी तुसडे, कामचुकार, परक्याला नावे ठेवणारे. दुकानदार कुचका, प्लंबर लबाड. सगळ्या गावाने मार खाण्याची लायकी आधीच मिळवून ठेवली आहे. आणि यंत्र ज्याच्यावर आदळते तोच मोडण्याच्या लायकीचा असेल, तर यंत्राला हसायचे कारण उरत नाही.

गुंडाच्या विनोदपटाचा हा प्रकार ज्यांना साधला त्यांनी दुबळ्या बाजूला वजन दिले. अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांच्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) दरोडेखोरांची टोळी लंडनमध्ये मिसेस विल्बरफोर्स नावाच्या म्हातारीच्या घरात वाद्यवृंदाचा बहाणा करून राहते. भेद फुटल्यावर म्हातारीला मारणे भाग पडते, चिठ्ठ्यांप्रमाणे काड्या ओढल्या जातात, पण ज्याची पाळी येते त्याचा हात उचलत नाही. शेवटी टोळी एकमेकांच्या हातून संपते आणि म्हातारी शाबूत राहते. म्हातारीकडे शस्त्र नाही, अक्कलही बेताची. तिच्याजवळ आहे तो फक्त तिचा साधेपणा, आणि चित्रपट त्याला हसत असला तरी त्याचा अधिकार कमी करत नाही. मुंबईच्या पडद्यावर हेच राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने (२००६) केले. गांधी दिसू लागलेला भाई एका गालावर थप्पड खाऊन दुसरा गाल पुढे करतो, पहारेकरी त्याच्यावरही हाणतो, आणि मग मुन्ना त्याला आडवा करतो, कारण दुसऱ्या थपडेनंतर काय करायचे ते बापूंनी सांगितलेले नाही. मार तिथेही आहे. पण तो नियमाला फाटा देऊन झालेला नाही. नियमातली फट शोधून झाला आहे, आणि फट शोधायला नियम आधी मानावा लागतो.

बेसाँच्या चित्रपटात नियमाला असे स्थान मिळण्याची एकच जागा होती. ती म्हणजे गावातले चर्च. मॅगी तिथे जाऊ लागते, फादर तिची आपुलकीने विचारपूस करतात, आणि एक दिवस ती पापनिवेदन करते. पुढच्या भेटीत फादरांचा नूर पालटलेला असतो. तिच्या घरच्यांच्या पापांनी ते इतके हादरले आहेत की ते तिला चर्चमधून निघून जायला सांगतात. विनोद असा की या घराची पापे देवाच्या माणसालाही पेलत नाहीत. प्रसंग थोडक्यात आटोपतो आणि कथा पुढच्या मारामारीकडे वळते.

कॅथलिक शास्त्र जाणणाऱ्या वाचकाला, मग तो वसईचा असो की गोव्याचा, हा प्रसंग वेगळाच दिसेल. पापनिवेदनाच्या गुप्ततेचा नियम फार जुना आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले, तेव्हाच ते उघड करणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षाही सांगितली. आजच्या धर्मसंहितेत गुप्ततेच्या नियमाला लागूनच दुसरा नियम आहे: पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा वापर, ती कोणाला न सांगतासुद्धा, निवेदन करणाऱ्याचे नुकसान होईल अशा रीतीने करता येत नाही. म्हणजे त्या चर्चमध्ये शास्त्राप्रमाणे मोठा गुन्हा फादरांच्या हातून घडतो. समोर पाप सांगणारी बाई असते आणि पापक्षमेचा संस्कार तिच्या तोंडावर मोडला जातो. फादरांना पापक्षमा नाकारण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार होता. समोरच्याचा पश्चात्ताप खरा नाही असे वाटले तर शास्त्र तेवढी मुभा देते. त्यासाठी तिला एक प्रश्न विचारावा लागला असता: पुन्हा असे करणार नाहीस ना? परक्या गावात आल्या आल्या पीनट बटरवरून दुकान उडवणाऱ्या बाईने या प्रश्नाला काय उत्तर दिले असते? या कथेतला सर्वांत मोठा विनोद त्या उत्तरात दडलेला होता. तिला देव खरोखर हवा आहे आणि दुकान उडवल्याचा आनंदही खराच आहे. मिशेल फायफरच्या चेहऱ्यावर ही ओढाताण दिसते, पटकथा मात्र तिच्याकडे पाठ फिरवते.

ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये या संस्काराची जी मांडणी पक्की केली तीत पापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत: मनापासून खेद, तोंडाने कबुली आणि भरपाई. खेद देवाच्या प्रेमापोटी असावा हे उत्तम, पण नरकाच्या भीतीतून आलेला अपुरा खेदही सुरुवात म्हणून चालतो. हिंदू धर्मशास्त्र फार दूर नाही. पापातून सुटण्याचे उपाय सांगताना मनुस्मृती पाप उघड करणे आणि अनुताप यांना तप व अध्ययन यांच्या पंक्तीत बसवते, आणि ‘पुन्हा करणार नाही’ असा निश्चय झाल्याशिवाय शुद्धी मानत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तांचा जो प्रचंड पसारा लावून दाखवला आहे, त्यात दंडाची भयंकर गणिते आहेत, पण अनुतापाची अट त्यांच्याबरोबरीने फिरून फिरून येते.

माफीच्या साक्षीदाराचा व्यवहार वरवर असाच दिसतो. तोही कबुली देतो, त्यालाही नवा जन्म मिळतो, नवे नाव आणि नवे गाव मिळते. अमेरिकेत संघटित गुन्हेगारीविरोधी १९७० च्या कायद्याने ही सोय केली. फक्त राज्ययंत्रणा खेद मागत नाही. तिला माहिती पुरते. खेदाची जागा रिकामी राहिली की काय होते याचा नमुना म्हणजे हेन्री हिल. त्याच्या आयुष्यावर निकोलस पिलेगी यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून स्कोर्सेसींनी ‘गुडफेलाज’ (१९९०) काढला. चित्रपटाच्या शेवटी संरक्षणाखालचा हिल एकसारख्या घरांच्या वसाहतीत दारात उभा राहून कुरकुरतो. खून, लुटी, बुडालेली माणसे यांबद्दल एक अक्षर नाही. दुःख एवढेच की चांगले जेवण मिळत नाही आणि आता चारचौघांसारखे जगावे लागते. खरा हिल पुन्हा गुन्ह्यांत अडकला आणि योजनेतून काढला गेला. स्कोर्सेसींना कळले होते की ही कुरकुर हास्यास्पदही आहे आणि अंगावर काटा आणणारीही, म्हणून तो चित्रपट तिथेच थांबतो. बेसाँ त्याच ठिकाणापासून सुरुवात करतात आणि कुरकुरीला हक्काची तक्रार मानून चालतात.

मराठी घरांत लहानपणीच ऐकलेली वाल्या कोळ्याची कथा इथे आठवणे अपरिहार्य आहे, कारण तिचा कणा कुटुंब हाच आहे. वाटसरूंना मारून, प्रत्येक खुनामागे रांजणात एक खडा टाकणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, हे ज्यांच्यासाठी करतोस ते पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायकापोरे सांगतात की आम्हाला पोसणे तुझे काम, पाप तुझे तुझ्यापाशी. अध्यात्म रामायणात नारदांच्या जागी सप्तर्षी आहेत, पण प्रश्न हाच. वाल्याचे सगळे परिवर्तन या नकारातून सुरू होते; आपले कृत्य आपल्या एकट्याचे आहे, हे त्याला प्रथमच कळते. ‘द फॅमिली’ने हीच कथा उलटी केली आहे. इथे घरातले सगळेच उत्साहाने वाटेकरी आहेत, प्रत्येकाचा स्वतःचा रांजण आहे. एकमेकांवर जीव असलेले, जेवायला एकत्र बसणारे, एकमेकांची गुपिते सांभाळणारे हे घर इतके एकसंध आहे की नारदाला शिरायला फटच नाही. कौटुंबिक प्रेम सद्गुण आहे हे मान्य केले, तरी ते विवेकाची जागा घेऊ लागते तेव्हा त्याचे काय करायचे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न चित्रपटाच्या नावातच आहे. चित्रपट त्याला स्पर्श करत नाही.

माफियाचे आणि धर्माचे खरे नाते पाहिले, तर बेसाँनी किती मोठे घबाड हातचे घालवले ते कळते. सिसिलीच्या टोळ्यांचा म्होरक्या बेर्नार्दो प्रोव्हेन्झानो अनेक दशके फरार राहून २००६ मध्ये कोर्लेओनेजवळ पकडला गेला. ज्या चिठोऱ्यांवरून तो टोळीचा कारभार चालवी, त्या देवाच्या आशीर्वादांनी भरलेल्या होत्या, आणि त्याच्याजवळ खुणा केलेले बायबल सापडले. हा ढोंगीपणा होता असे म्हणून भागत नाही. कदाचित त्याची श्रद्धा खरी होती, आणि ते जास्त भयंकर आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी मे १९९३ मध्ये आग्रिजेंतो इथे माफियाच्या माणसांना ‘स्वतःला बदला, देवाचा न्याय येणार आहे’ असे भर सभेत बजावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालेर्मोत फादर पिनो पुलीझी यांना माफियाने ठार केले. वस्तीतल्या पोरांना ते टोळीपासून तोडत होते, हा त्यांचा अपराध. मे २०१३ मध्ये, म्हणजे ‘द फॅमिली’ पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी, चर्चने त्यांना धन्य घोषित केले. पुढच्या वर्षी कॅलाब्रियात पोप फ्रान्सिस यांनी माफियाचे लोक बहिष्कृत आहेत असे जाहीर सांगितले. या फादरांच्या आणि पोपांच्या शेजारी मॅगीला हाकलणारे फादर ठेवले की ते कागदी वाटतात. पुलीझी गुंडांच्या दारात जाऊन उभे राहिले. बेसाँचे फादर गुंडाच्या बायकोला दाराबाहेर काढतात.

चित्रपटात एक प्रसंग मात्र खेदाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येतो. गावातल्या सिनेमंडळात अमेरिकी लेखक म्हणून फ्रेडला चर्चेसाठी बोलावले जाते. दाखवायचा होता ‘सम केम रनिंग’, पण चुकून ‘गुडफेलाज’ येऊन पडतो. ज्या नटाने त्या चित्रपटात काम केले, तोच नट इथे प्रेक्षकांत बसून स्वतःची जुनी दुनिया पाहतो, गहिवरतो, आणि दिवे लागल्यावर टोळीच्या आयुष्याबद्दल इतके रंगून बोलतो की लोक टाळ्या वाजवतात. घरी टंकयंत्रावर तो रोज आठवणी लिहीत असतोच. कबुलीची भूक त्याला आहे, हे यातून स्पष्ट होते. पण ऐकणाऱ्यांत ज्याचे काही हिरावले गेले असा कोणीच नाही, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात अभिमान आहे. हा प्रसंग बुद्धीला गुदगुल्या करतो, संदर्भ ओळखल्याचे सुख देतो, आणि तेवढ्यावर सुटतो.

नंतर मारेकरी गावात उतरतात. वॉरनने शाळेच्या पत्रिकेत दिलेला एक विनोद हातोहात फिरत, ज्याच्याविरुद्ध फ्रेडने साक्ष दिली त्या तुरुंगातल्या टोळीप्रमुख डॉन लुकेसीपर्यंत पोचलेला असतो आणि ठावठिकाणा फुटतो. भर रस्त्यात गोळीबार होतो. गावातले पोलीस आणि इतर माणसे मरतात, संरक्षणाला नेमलेलेही जातात. मान्झोनींच्या घरचे चौघेही वाचतात, गाडीत बसतात आणि नव्या नावाने नव्या गावाकडे निघतात. त्या मेलेल्यांपैकी कोणाचेही चुकलेले काही नव्हते. त्यांच्यासाठी चित्रपट एक क्षणही थांबत नाही. करुणाला दाराबाहेर ठेवले की हास्य वाचेल, असा काहीसा हिशेब असावा. पण इतक्या मुडद्यांवरून उडी मारून प्रेक्षक पुन्हा हसू लागेल हे घडत नाही, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत विनोदपट म्हणून काही शिल्लक राहत नाही.